करडी ठेवू की निळी?

केझाया स्टुडिओत आली होती ती डॅडींचा विसरलेला चष्मा द्यायला. डॅडी मेम्फिसमधले पास्टर. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू व्हायचं आणि देवाचं नाव घेता घेता गाण्यात जायचं. त्याचंच त्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारा कॉर्नेल चर्चच्या रिवाजाने म्हणाला, “सिस्टर, एक ओळ गातेस? माइकच्या पेट्या पारखायच्यात.”

डॅडींचं रेकॉर्डिंग केव्हाच उरकलं. पारख मात्र उरकेना. केझाया दर गुरुवारी येत राहिली.

पेट्या दोन. दोन्ही जुन्या घडणीच्या प्रीअ‍ॅम्प, माइकमधला नाजूक आवाज उचलून धरणाऱ्या. करडी आवाजाला ऊब द्यायची, निळी धार. एकच ठेवायची होती, आणि दुसरी न्यायला दुकानाचा माणूस आज यायचा होता. म्हणजे पुढच्या गुरुवारी यायला निमित्त नाही. केझायाने ते मनात नोंदवलं आणि पर्स खुर्चीवर ठेवली.

“आज तरी ठरव,” ती म्हणाली. “एवढ्या वेळात लोकांची लग्नं ठरतात.”

“कुणाची?”

“लोकांची म्हटलं ना!”

तो हसला. करडी पेटी जोडली. तिने माइकसमोर भजनाची एक ओळ गायली.

“जरा टोचतंय,” हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला. काचेमागे त्याची बोटं पेटीतल्या इक्वलायझरच्या नॉबवर गेली, टोचणारा सूर उतरवायला. नॉब फिरला. मग बोटं तिथेच राहिली.

“केझाया… पेटी परत गेली, तरी येशील?”

तिने डोळे मिटले, आणि तीच ओळ पुन्हा गायली.

“ऐकलंस?” तो जवळजवळ ओरडलाच. “लोणी! नॉब इतकुसा फिरवला आणि… ठरलं. करडीच ठेवायची.”

ती काचेमागे येऊन त्याच्या शेजारी बसली. त्याने दोन्ही ओळी ऐकवल्या. फरक खराच होता. तिची नजर मात्र पेटीवर फिरत होती.

“हा छोटा दिवा कसला?”

“इक्वलायझरचा. तो लागला नसेल तर नॉब कितीही फिरवा, आवाजाला काही—”

तो थांबला. दिवा विझलेलाच होता.

“म्हणजे लोणी कुणी काढलं?” तिने विचारलं.

“पण आवाज तर बदललाय… दोघांनी ऐकलंय.”

“मधे तू काहीतरी विचारलं होतंस. आठव.”

कॉर्नेल कानापर्यंत लाल झाला. “ते… उत्तर होतं?”

“मग काय भजन होतं?” ती म्हणाली. “म्हणजे, भजनही होतं.”

दारावरची घंटा वाजली. दुकानाचा माणूस डोकावला. “कुठली नेऊ?”

“कुठलीही न्या,” कॉर्नेल तिच्याकडे बघत म्हणाला.

माणसाने खांदे उडवले आणि निळी उचलली, ती दाराजवळ होती म्हणून.

“आता गुरुवारचं काय?” केझायाने पर्स घेतली, पण उठली नाही.

“त्याआधी रविवार येतो. तुमच्या चर्चमध्ये येईन म्हणतो.”

“ये. पण पुढच्या बाकावर बस,” ती म्हणाली. “मागे लपून बसणाऱ्याला डॅडी प्रवचनातच गाऊन हाक मारतात.”