शेकड्यावर वीस

तापी ओलांडताना नावेत जसोदाचा विळा सरकला आणि शेजारच्या तरुणाच्या पिशवीला जाऊन चिकटला. ती ओढते आहे, तो सुटेना! तिच्या अंगावर काटाच आला.

"भाऊ, हाई काय शे?"

"चुंबक शे, भूत नही," तो हसला. "आनी भाऊ नको म्हणू... माले चार बहिणी शेतस."

हा नवल. सारंगखेड्यात जसोदाच्या शेजारी राहणाऱ्या निर्मलाबाईंचा भाचा, पुण्याला यंत्रविद्या शिकून आलेला. साल एकोणीसशे अडतीस. गावात विजेचं नाव नाही. भंगारातल्या मोटारगाड्यांचे नालासारखे चुंबक जमवून, त्यांच्या मधोमध तांब्याच्या तारेचा फिरता गाभा बसवायचा आणि बॅटरीवर चालणारी मोटर करायची, असा त्याचा बेत होता. ती मोटर कापसातली सरकी काढायची हातचरखी फिरवणार होती. भांडवल घालू पाहणारे तळोद्याचे जालमसिंग शनिवारी ती बघायला यायचे होते. पसंत पडली तर इथेच कारखाना, नाहीतर नवल कराचीला नोकरीवर.

जसोदाइतकं सारखं सूत गावात कुणी काढत नसे, म्हणून तार गुंडाळायचं काम निर्मलाबाईंनी तिलाच सांगितलं. तिने ते भीतभीतच घेतलं. तिचा साखरपुडा दोनदा मोडला होता. एक नवरदेव तापाने गेला, दुसऱ्याचं खळं जळालं. गावाने तिला पांढऱ्या पायाची ठरवून टाकलं, आणि गावाच्या तोंडाला कोण हात लावणार?

"दर वेटोळाले शंभर वेढा," नवल म्हणाला. "हळू... तुन्ही बोटं दखीसन तार लाजाले लागनी."

"तारले सांग, तोंड फिरवी ले," ती म्हणाली खरी, पण लाजली तीच.

निर्मलाबाईंच्या देखत, त्यांच्या ओसरीवर आठ दिवस ती तार गुंडाळत होती. खळ्यावर एकाऐवजी 'लाभ' म्हणून मोजतात तसं— लाभ, दोन, तीन... शंभर भरले की वाटायचं, आपल्या हाताला बरकत नाही. कमी पडलं तर? तिच्या घरच्या खळ्यावर, तूट भरून निघावी म्हणून, कडब्याचा शेकडा एकशेवीस पेंढ्यांचा असे. तिने गुपचूप प्रत्येक वेटोळ्यावर वीस वेढे वर दिले.

शुक्रवारी सकाळी मोटर फिरली... पण संथ. नवलने कागद तीनदा तपासला.

"चुंबक कमजोर ऱ्हातं ते मोटर जास्तच जोरमा पळती," तो पुटपुटला. "दोष चुंबकना नही, मन्हंच गणित चुकनं. आते कराची."

बोललं तर तोही जसोदाला पांढऱ्या पायाची म्हणेल. गप्प राहिलं तर तो स्वतःलाच दोष देत निघून जाईल, आणि हे दुसरं तिला मुळीच सोसणारं नव्हतं.

"तुन्हं गणित चुकनं नही." तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "मी एकशेवीस वेढा दिधात. मन्हा हातले यश नही म्हणीसन... वीस वर."

नवल मोटरीकडे वळला. रागावला असता तरी बरं, असं तिला झालं. त्याने मोटरीचा पट्टा चरखीला चढवला आणि मूठभर कापूस घातला. मोटर कण्हली... आणि चालत राहिली. त्याने आणखी दोन मुठी घातल्या. सरकी टपटप खाली पडू लागली.

"बॅटरी जुनी, करंट थोडा," तो हळूच म्हणाला. "पन वेढा जास्त, म्हणीसन तितलाच करंटमा ओढ जास्त! मी वेग मांडा, ओढ मांडीच नही."

"मंग... तार उकलनी नही?"

"हात लाईसन ते दख!" त्याचे डोळे चमकले, आणि मग एकाएकी तोच घाबरल्यासारखा झाला. "जसोदा... जालमसिंग पसंत करतीनच. मी आठेच ऱ्हासू, कराची नही. मावशीले तुन्हा आप्पाकडे धाडू?"

"तुले भीती नही वाटस? दोन साखरपुडा मोडनात."

"वाटस ना. म्हणीसन साखरपुडा करूतच नही. सीधं लगीन."

आतून निर्मलाबाईंचा मुद्दामचा खोकला आला. जसोदाची भीती काही कुठे गेली नव्हती. तरी तिने पदर सारखा केला आणि आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"आजच धाड."