एकादशी कोणती?

न्यायालयाच्या चार नंबरच्या खिडकीत आता कारकून बसत नव्हता, पडद्यावरून बोलणारा मुदतपाल नावाचा संगणक होता. तो अर्ज वाचायचा, अर्जदाराशी बोलायचा आणि मुदत टळली असेल तर कागद न्यायाधीशांपर्यंत जाऊच द्यायचा नाही. रांगेतली माणसं त्याला चित्रगुप्त म्हणत, पण हळू आवाजात. त्याला सगळं ऐकू येतं म्हणे.

वकील मृणाल गायधनी हिनं शेवंताबाईंना पुन्हा एकदा पढवलं: पुरावा गेल्याच महिन्यात कळला, एवढंच म्हणायचं. शेवंताबाई नुसती मान हलवत होत्या. मृणालला ते मान हलवणं पटत नव्हतं.

शेवंताबाईंचा भाऊ दामोदर खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता; त्याचा खटला पुन्हा उघडावा, असा हा अर्ज होता. खून बुधवारी रात्री झाला. त्या वेळी एकादशीच्या कीर्तनात दामोदर टाळ घेऊन उभा होता, अशी गावानं साक्ष दिली. पोलिसांनी पंचांग पाहिलं, एकादशी मंगळवारची. म्हणजे बुधवारी गडी मोकळा. साक्ष बाद.

आता वीजगुंजनाची परीक्षा निघाली होती. विजेच्या तारांची बारीक गुणगुण ध्वनिमुद्रणात नकळत शिरते आणि तिचा चढउतार क्षणाक्षणाला बदलतो. वीजकेंद्रातल्या नोंदींशी तो जुळवला की मुद्रणाची नेमकी वेळ ठरते. कीर्तनकार बुवांच्या जुन्या मोबाइलमधलं कीर्तन निघालं बुधवारच्या रात्रीचं. त्यात बुवा मध्येच थांबून म्हणतात, "दामोदरपंत, टाळ जरा बेतानं. देव कानांत बोळे घालून बसलाय." मग हशा, आणि दामोदरचं ओशाळलेलं "चुकलं, बुवा."

मुदतपालानं ऐकलं. आवाज दामोदरचाच, वेळ खुनाचीच, हे त्यानं लगेच मान्य केलं. इतकं सहज? मृणाल सावध झाली. पाठोपाठ गोड आवाजात प्रश्न आलाच: मग गावानं एकादशी बुधवारी का केली?

मंगळवारची स्मार्त, बुधवारची भागवत, असं शेवंताबाईंनी समजावलं. कधीकधी अशा दोन येतात. माळकरी भागवत धरतात.

"म्हणजे हे खटल्याच्या वेळीही आपल्याला माहीत होतं," मुदतपाल म्हणाला. "वीजगुंजनाची गरजच नव्हती. कळल्यापासून एक वर्षाची मुदत असते. आपल्याला कधी कळलं, शेवंताबाई?"

मृणालनं त्यांचा हात दाबला. एक खोटा शब्द, की भावाचा अर्ज आत गेला असता. शेवंताबाईंनी गळ्यातली माळ चाचपली.

"आमची एकादशी बुधवारची, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. आम्हाला वाटलं, कोर्टानं सगळ्या गावाला खोटं ठरवलं. गेल्या महिन्यात वकीलबाईंनी निकाल वाचून दाखवला, तेव्हा कळलं की तुम्हालाच ठाऊक नव्हतं. बाई, एकादशी कोणती, असं कुणी विचारलंच नाही हो."

नकार असला की पडदा तत्काळ लाल व्हायचा. तो झाला नाही. मागची रांग कान देऊन पुढे सरकली.

"मुदत अज्ञान संपल्या दिवसापासून मोजतात," मुदतपाल अखेर म्हणाला. "हे अज्ञान कुणाच्या नावे नोंदवू? आपल्या, की न्यायालयाच्या?"

मृणाल उत्तर द्यायला पुढे झाली आणि थबकली. त्याच्या आवाजातला गोडवा तसाच होता. तो खरोखर विचारत होता, की न्यायालयाला अज्ञानी म्हणताच खिडकी बंद होणार होती?