कोपऱ्यातला ओव्हरलोड

पटलं नाही तर हसून सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

जागा, कुरुळी. आमचं घर. वेळ रात्रीची नाही, भर दुपारची. गेल्या महिन्यातला गुरुवार.

मी तनुजा. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि बऱ्याचदा त्या कारणाला दोन पाय असतात, हे मी दहा वर्षांत शिकले. त्यामुळे स्वभाव संशयी झालाय. घरचे म्हणतात, ही दुधातसुद्धा मीटर घालून बघेल.

माझे मिस्टर गणराज. त्यांनी नोकरी सोडून घरामागच्या जुन्या गोठ्यात एक छोटं सीएनसी मशीन टाकलं. ॲल्युमिनियमच्या प्लेटा कापायच्या. पहिल्या ऑर्डरचे चार नमुने शनिवारी द्यायचे होते. पास झाले तर धंदा, नाहीतर पुन्हा कुणाच्यातरी गेटवर अर्ज घेऊन उभं राहायचं.

आणि मशीन एकाच जागी अडायचं.

मागच्या डाव्या कोपऱ्यात. कटर तिकडे निघाला की मोटर कण्हायची... आणि ड्राइव्हवर लाल दिवा.

ओव्हरलोड.

ड्राइव्ह म्हणजे मोटरला वीज देणारा डबा. मोटरला झेपणार नाही इतका जोर लागला की तो तिला थांबवतो.

पण जोर कशाचा? कोपरा तर रिकामा होता.

मी दोन मोटरींचे ड्राइव्ह आपसात बदलले. दोष ड्राइव्हचा असता तर तो दुसऱ्या मोटरीकडे गेला असता. गेला नाही. मोटर बदलली. तेच. मोटर सोडवून नुसती चालवली, भिंगरीसारखी फिरली. कटरला पुढे-मागे नेणारा मशीनचा लांब स्क्रू हाताने फिरवला, तोही मोकळा.

दोन्ही जोडले, की अडलं. जणू पलीकडून कुणीतरी अंग रेटून उभं आहे.

माझं डोकं लगेच चाललं. घरातलंच कुणीतरी हात लावतंय.

पॅनेलच्या, म्हणजे मशीनच्या विजेच्या पेटीच्या, प्रत्येक स्क्रूवर मी नेलपॉलिशची रेघ ओढली. कंपनीत आम्ही पेंटची ओढतो. स्क्रू हलला की रेघ तुटते.

दुसऱ्या दिवशी रेघा शाबूत होत्या. पण कोपऱ्यात जमिनीवर... एक गोल ओला डाग होता.

बादलीच्या बुडाचा.

बुधवारी मी अर्धी सुट्टी टाकली आणि खिडकीआड उभी राहिले. एकच्या सुमारास सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. हातात पाण्याने भरलेली बादली. ती त्यांनी कोपऱ्यात ठेवली. मग कोपऱ्याकडे पाठ न करता मागे मागे सरकत बाहेर आल्या.

मी वाटेतच गाठलं.

"आत्या, पॅनेलजवळ पाणी? तुम्हाला हे मशीन नकोच होतं ना?"

"तसं न्हाई गं पोरी..."

"मग कसं?"

त्यांनी माझ्या आवाजाने बाहेर आलेल्या गणराजकडे बघितलं. गणराजनी आधी मान खाली घातली, मग एकदम ओरडले, "आई, पोटच्या पोराच्या पोटावर पाय देतीस व्हय?"

आत्या घरात वळल्या. तासाभरात पिशवी घेऊन दापोडीला माझ्या नणंदेकडे निघून गेल्या. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. चोर सापडला होता.

गुरुवारी मशीन जागचंच हललं नाही.

कोपराबिपरा काही नाही. चालू केलं की लाल दिवा. गणराज नवीन ड्राइव्ह बघायला भोसरीला गेले. मी मेन स्विच बंद केला, वर प्लगही काढून हातात घेतला आणि पॅनेल उघडलं.

गुरुवार म्हणजे आमच्या भागातली सुट्टी. शेजारच्या शेडमधली पत्रा दाबायची प्रेस बंद होती. एरवी तिच्या दणक्यात काही ऐकू येत नाही.

त्या दिवशी आलं.

श्वास... लांब, जड, नाकातून सोडलेला.

मग खरखर. ओली जीभ लोखंडावरून फिरावी तशी.

आणि ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला.

प्लग माझ्या हातात होता.

वीज नसतानाही तो दिवा लागू शकतो, हे मला माहीत आहे. मोटर बाहेरून कुणी फिरवली की तीच थोडी वीज तयार करते. पण त्यासाठी कुणीतरी फिरवावी लागते.

मशीनचा लांब स्क्रू हळूहळू फिरत होता. कटरचा सगळा सांगाडा कोपऱ्यातून माझ्याकडे सरकत होता...

मी पळाले. आणि परत आले ते भरलेली बादली घेऊन. का ते विचारू नका. त्या श्वासाला तहान होती, एवढंच मला कळलं. बादली ठेवली, दार ओढलं.

दहा मिनिटांनी बघितलं.

बादली रिकामी. जमीन कोरडी.

त्यानंतर मशीन रात्रीपर्यंत एकदाही अडलं नाही. शनिवारी चारही नमुने पास झाले.

रविवारी मी आत्यांना फोन लावला. मला माझीच लाज वाटत होती.

"आत्या, चुकलं माझं. परत या. पाणी मी रोज ठेवतेय. तुम्ही मायेनं ठेवत होतात, आणि मी..."



"माया?" त्या म्हणाल्या. "कोरोनात आमा समद्यांला उचलून न्हेलं, तवा तांबडी गाय दावणीला हुती. शेजारी म्हणला, मी बघतो. भ्यानं फिरकलाच न्हाई. चौदा दिसांनी आलो आमी..."

मला लग्नात सांगितलं होतं, गाय विकली.

"दावं मी बांधलं हुतं गं. दोन गाठी मारून. तवापासनं पानी ठेवती. भ्याव वाटतं म्हणून ठेवती, माया कसली! ज्यानं पानी धरलं, त्याला सुटका न्हाई."

"मग आता?"

"आता तू धरलंस."

फोन कट झाला. पुन्हा उचलला नाही.

तेव्हापासून एकच विचार डोकं पोखरतोय. बुधवारी आत्या भांडल्या का नाहीत? आणि ती पिशवी... ती आधीच भरलेली होती का?

त्यांच्या हातचं पाणी पिऊनही ते वाट अडवत होतं. माझ्या हातचं प्यायलं आणि वाट दिली. याचा अर्थ मला लावायचाच नाही.

गणराजना विचारलं, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना?"

ते म्हणाले, "अगं, ऑर्डर वाढवून मिळालीय."

आज नळाला पाणी आलेलं नाही. टँकरवाला संध्याकाळी येतो म्हणतोय. एक वाजत आलाय. घरात प्यायच्या पाण्याचा एकच जार आहे, तो मी गोठ्यात ओतायला चाललेय.

मला भीती वाटते.