वुकाशिनची रिकामी जागा

शपथेवर सांगतो, यातलं एक अक्षरही पदरचं नाही. खोटं वाटत असेल तर इथे सर्बियात, निशला या आणि रास्त्कोला विचारा. तो आता ग्लासाला हातही लावत नाही.

मार्चमधला शनिवार होता. संध्याकाळ. किल्ल्यामागचं आमचं तालमीचं तळघर.

आमचा रॉक बँड. मी गातो, गिटार वाजवतो. रास्त्को ड्रमवर. बेस गिटार वुकाशिनची... पहिला अल्बम आला आणि तो अपघातात गेला.

दुसऱ्या अल्बमात आम्ही त्याची जागा रिकामी ठेवली. बेस गिटार नाहीच. दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्यायला जीव होईना.

त्या संध्याकाळी, रेकॉर्डिंगआधी, त्याच्या नावानं राकिया ओतली, आमची फळांची कडक दारू. एक भरला ग्लास कोपऱ्यातल्या त्याच्या गिटारशेजारी ठेवला.

गेलेल्याच्या नावानं पिताना आमच्यात ग्लास भिडवत नाहीत. भिडवायचा तो जिवंत माणसाशी.

रास्त्कोनं सवयीनं भिडवला. वुकाशिनच्या ग्लासाला!

"चिरंजीव हो, भावा!"

"गाढवा, काय केलंस हे?" मी ओरडलो.

"अरे, चुकून झालं! तो काय उठून येणारे का आता?"

कोपऱ्यात एक तार थरथरली...

आम्ही हसण्यावारी नेलं.

अल्बम आला. वाटलं होतं, लोक धुऊन काढतील. झालं उलटंच. बेलग्रेडच्या एका मासिकानं लिहिलं, गाणी बरी आहेत, पण बेस गिटार म्हणजे कमाल!

रास्त्कोचा फोन आला. "वेल्को, हा माणूस पिऊन लिहितो का रे?"

मग दुसरं परीक्षण. तेच. मग तिसरं...

सगळ्यांना बेस गिटार ऐकू येत होती.

आम्हाला नाही.

मग एका दुपारी देसांकामावशी आली. वुकाशिनची आई. कॉफीला तिनं हात लावला नाही.

"तुमची गाणी फार चाललीत म्हणे."

"हो मावशी. सगळीकडे लावतात."

"बंद करा रे बाळांनो. हात जोडते."

"अगं, पण का?"

"माझा वुकाशिन रोज घरी येतो. पलंगावर बसून बोटं दाखवतो... पार सोललेली. म्हणतो, आई, कुणीही गाणं लावलं की मला वाजवावं लागतं."

मला वाटलं, दुःखानं बिचारीचं डोकं फिरलंय. तेवढ्यात तिनं पिशवीतून उशीचा अभ्रा काढला. त्यावर रक्ताळलेल्या बोटांचे ठसे होते.



आम्ही अल्बम मागे घेतला. दुकानांतून, इंटरनेटवरून, सगळीकडून. पण लोकांनी आधीच उतरवून घेतलाय, त्याचं काय करणार?

काल सकाळी बेकरीत बुरेक घ्यायला उभा होतो. आत आमचंच गाणं लागलं होतं.

आणि मला पहिल्यांदाच बेस गिटार ऐकू आली...

वुकाशिनच. त्याचा हात मी झोपेतही ओळखेन. पण जन्मात कधी न चुकलेला तो, आता ताल चुकत होता. मागे पडत होता... दमलाय हो तो. फार दमलाय.

"बंद करा ना ते," मी बेकरीवाल्याला म्हणालो.

त्यानं मला ओळखलं. खूश झाला.

"अहो, तुमचंच ना हे? झकास! थांबा, पुन्हा लावतो."