पंधरावा डबा

"कडी लागली का नीट?" सासूबाईंनी विचारलं.

"लागली."

"ओढून बघ."

थोरली सून होती ती. घरात शिरल्यापासून तिला सगळे थोरलीच म्हणत. तिने कडी ओढून पाहिली. वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की एक अख्खा दिवस हे स्वयंपाकघर आतून बंद होई. सासूबाईंच्या बिस्किटांची कृती गुपित आहे, कोणी डोकवायचं नाही, असं सगळ्या नात्यागोत्यात ठाऊक होतं... आणि कडीच्या आत सासूबाई स्टुलावर बसून राहत, आणि लोणी फेटायची थोरली, पीठ मळायची थोरली, पोळी लाटून चांदण्या कापायची ती थोरलीच.

*

कार्ड, पुढची बाजू. सासूबाईंचं टपोरं अक्षर, मधे लोण्याचा डाग:

लोणी पाव किलो. पिठीसाखर एक पेला. मैदा अडीच पेले. संत्र्याची साल, किसून. दालचिनी, मनाला येईल तेवढी.
वास सुटला की बाहेर काढावीत.

*

वास. घोडं तिथेच अडलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत, थोरली दारात उभी होती आणि ओव्हनमधून काळा धूर येत होता आणि ओव्हनकडे पाठ करून सासूबाई शांतपणे रुमालाच्या घड्या घालत होत्या. तापातून उठल्यापासून त्यांचं नाक आणि जीभ दोन्ही गेली होती, हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. दोघींची नजरानजर झाली. सासूबाईंच्या डोळ्यांत जे दाटून आलं ते थोरलीला पाहवलं नाही... बाहेरून सगळे धावत आले तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडून करपली. मी लक्ष दिलं नाही."

त्या दिवशी नणंदेने तिचं बारसं केलं. कोळसा वहिनी. आणि त्याच दिवशी दाराला कडी बसली.

तेव्हापासून दर वर्षी चौदा डबे. शेजारी दोन, सासऱ्यांच्या जुन्या कचेरीत एक, दातांच्या डॉक्टरांना एक (तो सासऱ्यांच्या मते लाच म्हणून), बाकी नातेवाईक. चौदाही डब्यांवर सासूबाईंचं नाव. "तुमच्या हाताला काय चव आहे हो," असं लोक म्हणत, सासूबाई मान खाली घालत, लोक म्हणत, किती विनयशील. थोरली पेले विसळत असायची. औषधांच्या दुकानात नोकरी होती तिची, थेंबाथेंबाने मोजायची सवय; पण आपल्या मनात नक्की किती साठलंय, ते तिने कधी मोजून पाहिलं नव्हतं.

*

"यंदा ते कार्ड तिला द्यावं लागणार," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या.

तिला म्हणजे नणंदेला. गेल्या महिन्यात तिने चारचौघांत मागितलं होतं आणि सासूबाई हो म्हणून बसल्या होत्या. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

"द्या की," थोरली म्हणाली. लाटणं मात्र जरा जोरात फिरलं.

"तुला वाईट नाही ना वाटत?"

"मला कशाला वाटेल, आई. कोळसा वहिनीला कार्ड काय करायचंय."

सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. ओव्हनमधून संत्र्याचा, लोण्याचा, दालचिनीचा असा काही दरवळ उठला की थोरलीच्या काळजात हललं, आणि सवयीने ती म्हणाली, "सुटला हं वास, आई."

"कसाय?"

"मागच्या वर्षीपेक्षा बरा."

*

इथे एक दिवस गाळला आहे, कारण त्या दिवशी थोरली दुकानात होती आणि घरात काय झालं ते तिला माहीत नव्हतं.

*

सुट्टीच्या दिवशी सगळे बैठकीत जमले. नणंदेने कपाट उघडलं, डबे मोजले, पुन्हा मोजले.

"पंधरा आहेत. एक जास्तीचा. हाच फोडू या."

सासूबाई आतल्या खोलीत कार्ड आणायला गेल्या होत्या. डबा फुटला. चांदण्या जरा जाडजूड, कोपरे मोडलेले. सगळ्यांनी एकेक उचलली.

सासरे बराच वेळ चावत राहिले. "उत्तम," ते म्हणाले आणि पाण्याकडे हात नेला.

थोरलीच्या नवऱ्याने घास गालात सरकवून ठेवला. नणंद म्हणाली, "आईच्या हातची चव... वेगळीच असते."

थोरलीने चावा घेतला. मीठ. समुद्र वाळवून त्याची चांदणी कापावी तसं मीठ. आणि सगळं एका क्षणात तिला दिसलं. मांडणीवर डावीकडची बरणी पूर्वी पिठीसाखरेची असायची. सहा वर्षांपूर्वी तिनेच तिथे बारीक मीठ ठेवलं होतं. जुन्या सवयीने सासूबाईंचा हात डावीकडे गेला, आणि चाखून बघायला जीभ नव्हती.

सासूबाई दारात आल्या. चेहरे बघून थबकल्या. "काय झालं?"

"काही नाही, आई," थोरली चटकन म्हणाली. "हा घाणा माझा. मी बरण्यांचा घोळ केला."

"तरीच," नणंद हसत सुटली. "अहो वहिनी, कोळशावरून मिठावर आलात. पुढच्या वर्षी साबण का?"

सगळे हसले. सुटकेचं हसू होतं ते. सासूबाईंनी डब्यातून एक चांदणी उचलली, अख्खी तोंडात टाकली, सावकाश चावली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. मग त्या खाली बसल्या.

"मला ही पुठ्ठ्यासारखी लागतात," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं सगळंच तसं लागतंय. खारट का गोड, मला कळत नाही... तो करपलेला घाणा माझा होता. हासुद्धा माझाच. मधले सगळे हिचे."

थोरलीला वाटलं, कोणीतरी आतून कडी काढतंय आणि आपण दाराच्या कोणत्या बाजूला आहोत तेच तिला समजेना.

पहिल्यांदा सासरे बोलले. "अकरा वर्षं मी मागच्या जिन्यात सिगरेट ओढतोय. एकदाही पकडला गेलो नाही. मला वाटायचं मीच हुशार."

"सिगरेट?" सासूबाई वळल्या.

"ते नंतर बघू. आधी हिचं."

नणंदेचं हसू ओठांवरच विरलं होतं. आईने पुढे केलेलं कार्ड तिने घेतलं, वाचल्यासारखं केलं आणि थोरलीच्या मांडीवर ठेवलं. "वहिनी, इतकी वर्षं मी तुमची बिस्किटं खाऊन तुम्हालाच चिडवत होते. एकदा तरी थोबाडीत द्यायची होतीत."

"हात पिठात असायचे हो," थोरली म्हणाली, आणि रडायच्या ऐवजी हसली, मग दोन्ही एकदम झालं.

"पण आई," नवऱ्याने गालातला घास अखेर गिळला, "हा जास्तीचा केलास कशाला?"

सासूबाईंनी झाकण लावून डबा उलटा केला. तळाला चिकटवलेली चिठ्ठी, तेच टपोरं अक्षर:

थोरलीला. तिला कधी कोणी करून दिली नाहीत.

*

संध्याकाळी नवा घाणा लागला. दार सताड उघडं. सासरे मधेच येऊन कच्चं पीठ पळवत, नणंदेच्या चांदण्यांना चारच टोकं येत, आणि ओव्हनपाशी उभ्या सासूबाई दर मिनिटाला विचारत, "सुटला का गं?"

कार्ड, मागची बाजू, शाई अजून ओली:

वास थोरलीला विचारावा.

पंधरावा डबा थोरलीने आपल्या खोलीत नेला. रोज दुपारी चहाबरोबर एक. "अगं, फेकून दे ते," सगळे म्हणायचे. चहात ती साखर दुप्पट घालायची, पण त्या उरलेल्या एकोणीस चांदण्यांतली एकही तिने कोणाला दिली नाही.