पहाटेची काळजी

इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत तिचं काम शब्द काढून टाकण्याचं होतं. नवे शब्द घालायला सगळेच पुढे. जुन्यांना निरोप द्यायला कोणी नसतं, म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं. शेकडो वर्षांत कोणाच्या तोंडी न आलेले शब्द जागा अडवून बसले होते.

कचेरीची एक रीत होती. काढण्याआधी शब्दाचा अर्थ आणि मूळ एकदा मोठ्याने वाचायचं. समोरचे म्हातारे मुख्य संपादक ऐकून म्हणायचे, "जाऊ दे." मग कार्डावर तांबडी रेघ.

"खोडाखोडीचा पगार देतात तुला?" आई म्हणायची. "मला ही नोकरी असती, तर तुझ्या बाबांचे निम्मे शब्द लग्नाच्या वर्षीच खोडले असते."

आईला हसणंही झेपत नसे, लगेच दम लागायचा. खरा धोका पहाटेचा. उजाडायच्या जरा आधी तिचा श्वास अडकायचा आणि हाक मारायचंही त्राण नसायचं. लेक मात्र त्याआधीच जागी असे, छताकडे बघत, मनात नाही नाही ते विचार. खरखर ऐकू आली की धावायची आणि आईला उठवून बसवायची. वेळेवर बसवलं की निभावतं, असं डॉक्टर म्हणाले होते. यात तिची कित्येक वर्षांची झोप गेली होती.

त्या आठवड्यात 'अप्रिसिटी' गेला. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब; मूळ लॅटिन, उन्हात तापलेल्या जागेसाठीच्या शब्दावरून. "जाऊ दे." दुपारी टेबलावर लख्ख ऊन आलं होतं. तिने त्यात हात ठेवला, तर टेबल गारच. संपादकांनी स्वेटरची बटणं लावली. "वय झालं," ते म्हणाले.

मग 'ग्रोक' गेला. कोणी जेवत असताना त्याच्याकडे आशाळभूतपणे टक लावून बघणं, मूळ अज्ञात. रात्री जेवताना, रोज ताटाकडे डोळे लावणारी मांजर भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईला गंमत वाटली. लेकीने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशीचं कार्ड तिने दोनदा वाचलं. "उख्तचारे. पहाटेआधी जागं पडून केलेली काळजी. मूळ जुन्या इंग्रजीतलं; उख्त म्हणजे उजाडण्यापूर्वीची वेळ, चारे म्हणजे काळजी."

हा शब्द ती पहिल्यांदाच बघत होती, आणि इतकी वर्षं त्यातच राहत होती. आधीचे दोन्ही योगायोग असणार, तिने स्वतःला बजावलं. आणि नसले, तर? निदान एक रात्र सलग झोप.

"काय गं, जाऊ दे ना?" संपादकांनी विचारलं.

"जाऊ दे," ती म्हणाली.

तिला जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळसर. "बसले कशीबशी," ती म्हणाली. "म्हटलं, झोपू दे पोरीला."

ती तशीच कचेरीत गेली आणि कार्ड शोधून काढलं. "सर, हा परत घेऊ या."

"घेऊ की. वापरातलं एक वाक्य लिहून दे. तुझं स्वतःचंही चालेल."

तिने पेन उचललं. अर्थ तोंडपाठ होता. पण त्या वेळी नेमकं काय वाटायचं, ते काही केल्या आठवेना. कागद कोराच राहिला.

घरी येऊन तिने गजर लावला.

तो वेळेवर वाजला. बाहेर अंधार होता. पलीकडच्या खोलीतून खरखर ऐकू येत होती.

तो आवाज कसला, हे तिला ठाऊक होतं. काय करायचं, तेही ठाऊक होतं. उठावंसं मात्र वाटेना.

तिने गजर बंद केला.

सकाळी अंग कसं हलकं वाटत होतं. तिने सवयीने दोन कप चहा ओतला. पलीकडे सगळं शांत होतं. आपला कप संपवून तिने दुसरा जवळ ओढला. उगाच गार झाला असता.