काचेच्या खोलीतला वारा

तापलेलं ॲल्युमिनियम निवायला लागलं की वाजतं. टिक्... टिक्... कुणी नखानं काच वाजवल्यासारखं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. एका बंगल्याच्या नव्या काचेच्या खोलीत मी बाकाला रंधा मारत होतो. मला वाटलं, चौकट कुठंतरी सैल राहिली. माझा साडू हसला. म्हणाला, "सैल नाही रे. दिवसभर भाजून निघालीय बिचारी. आता उसासे टाकतेय."

साडू काचेचं काम करायचा, मी लाकडाचं. बायका सख्ख्या बहिणी म्हणून साडू, नाहीतर तीस वर्षं एका स्कूटरवरून कामाला गेलेली माणसं भाऊच म्हणायची. आता सांगतो ते त्याच्यासोबत घडलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. आलं असतं तर त्यानंही एखादा बंगला बांधला असता.

हसता काय पोरांनो? ऐका.

त्या बंगल्याच्या मालकाला आम्ही पाठीमागं 'कॅटलॉग' म्हणायचो. हातात सदा एक गुळगुळीत पुस्तक. त्यात परदेशातल्या काचेच्या खोल्यांची चित्रं. बाहेर बर्फ, आत गुबगुबीत खुर्ची, खुर्चीत मांजर. ह्याला तश्शीच खोली हवी होती. कुठं? तर पश्चिमेच्या व्हरांड्यात. एप्रिलच्या दुपारी जिथं चप्पल फरशीला चिकटायची, तिथं.

"साहेब," साडू म्हणाला, "पश्चिमेला काच नको. जाळी लावा, बांबूचे पडदे सोडा, वारा खेळता राहील. आणि काचच हवी तर समोरासमोर दोन सरकत्या खिडक्या ठेवा, वर छताला लागून झडपा ठेवा. गरम हवा वर चढते. तिला जायला वाट लागते."

पायपुसणं बोलायला लागलं तर माणूस जसं बघेल, तसं कॅटलॉगनं त्याच्याकडं बघितलं.

"किती शिकलास रे?"

"सहावी."

"मग तू काच काप. हवेचं मी बघतो. खिडकी ठेवली की धूळ आली. मला धुळीचा कण नकोय आत. सगळं पॅकबंद पाहिजे."

"साहेब, चित्रात बाहेर बर्फ आहे."

"मग?"

"आपल्याकडं कुठं पडतो?"

"म्हणूनच तुम्ही लोक मागं राहिलात."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. दीडशहाण्याला कशाचा, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

पण थू आमच्यावरही. आम्हाला कळत होतं आणि आम्ही हात चालवले. तिन्ही बाजूंना जाड काचा, वरती पत्रा, एकेक सांध्यात सिलिकॉन भरलेलं. एकच दार, तेही हॉलमध्ये उघडणारं. कडी हॉलच्या बाजूला. काम इतकं चोख, की मुंगी आत गेली तर तिला बाहेर यायला परवानगी घ्यावी लागली असती.

कॅटलॉगचे वडील जुने पोस्टमन. छत्तीस वर्षं उन्हावाऱ्यात पायी टपाल वाटलेलं. दम्यानं छाती पोखरली होती. त्यांची बसायची जागा म्हणजे तोच व्हरांडा. काम संपलं त्या दिवशी ते काठी टेकत आत आले, तिन्ही बाजूंनी काच चाचपली आणि साडूला हळूच म्हणाले, "मिस्त्री, ही उघडते कुठून?"

साडूनं मान खाली घातली. मीही घातली.

पुढच्याच उन्हाळ्यात म्हातारा गेला. दुपारी त्या खोलीत डुलकी लागली होती. हॉलमध्ये एसी चालू होता. गारवा वाया जाऊ नये म्हणून सूनबाईनं मधल्या दाराला कडी लावली. रोजचीच सवय. जेवणं झाली तसे सगळे वर जाऊन झोपले. पाच वाजता चहाला हाक मारली तेव्हा म्हातारा पश्चिमेच्या काचेला तोंड लावून बसलेला. कॅटलॉग आल्यागेल्याला सांगत होता, "वय झालं होतं हो त्यांचं."

वय झालं होतं! दगडाला पाझर फुटेल, पण ह्याला नाही.

वर्ष गेलं. एप्रिलची तेवीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी साडूला फोन आला.

"काय काम केलंस रे? खोलीत वारा येतोय! रोज सकाळी पश्चिमेच्या काचेखाली धुळीची रेघ. आत्ताच्या आत्ता ये आणि बुजव."

"साहेब, सकाळी येतो."

"वारा रात्री येतो, मी सकाळी दाखवू काय तुला? डोकं आहे का?"

मला त्या दिवशी ताप होता. साडू एकटाच गेला. साडेदहाला पोचला. फोन स्कूटरच्या डिकीतच राहिला. खिशात सिलिकॉन कापायची पातळ सुरी, एक मेणबत्ती, काडेपेटी. फट शोधायची त्याची रीत साधी होती. दिवे घालवायचे, मेणबत्ती सांध्यासांध्यावरून हळू फिरवायची. जिथं ज्योत वाकते तिथं फट. ज्योत कधी खोटं सांगत नाही.

खोलीत गेला तर मध्ये खाट. खाटेवर कॅटलॉगची आई. मुलांना अभ्यासाला खोली हवी म्हणून म्हातारीला तिथं आणून टाकलेलं. पाय गेलेले, आवाज तेवढा शाबूत.

"मिस्त्री," ती म्हणाली, "बुजवू नका हो. तेवढाच वारा येतो मला. रात्री तेवढीच झोप लागते."

साडू कॅटलॉगकडं बघून म्हणाला, "साहेब, आजींना इथं..."

"आईला काय कळतंय? आणि तुला कोण विचारतंय? तू फट शोध."

साडूनं दिवा घालवला. मेणबत्ती लावली. बाहेर पान हलत नव्हतं. उत्तरेची काच झाली. ज्योत सरळ. दक्षिणेची झाली. सरळ. पश्चिमेच्या पहिल्या दोन काचा... सरळ.

तेवढ्यात हॉलच्या बाजूनं खट्ट झालं. अकरा वाजले होते. मिस्त्री केव्हाचा गेला असेल, असं समजून सूनबाईनं कडी लावली आणि ती वर गेली. सवय.

"ए!" कॅटलॉगनं दार वाजवलं. "अगं ए! आम्ही आत आहोत!"

वर एसी चालू. खिडक्या बंद. कोण ऐकणार? त्याचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला.

"येईल खाली पाणी प्यायला," तो म्हणाला. "तू तुझं काम कर."

शेवटची काच राहिली होती. साडू खाली वाकला. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल, त्या उंचीवर मेणबत्ती आली आणि ज्योत वाकली.

आत.

मग काचेकडं वाकली.

मग आत.

साडूनं सांध्यावरून अंगठा फिरवला. सिलिकॉन अखंड. त्याच्याच हातचं. केसाएवढी फट नाही. तरी ज्योत वाकत होती. आत... बाहेर. आत... बाहेर. आणि मग एकदा, लांब... बाहेर.

खाटेवरून म्हातारी शांतपणे म्हणाली, "दोन आखूड, एक लांब. जिना चढून आले की असाच दम टाकायचे ते."

साडूच्या हातावर मेण सांडलं. त्याला कळलंही नाही.

"काय बावळटपणा चाललाय!" कॅटलॉग हसला. "आण ती मेणबत्ती इकडं. सहावी पास आणि त्याची भुतं!"

त्यानं मेणबत्ती घेतली. स्वतः खाली वाकला. काचेला तोंड लावून बघायला लागला.

ज्योत त्याच्याकडं वाकली.

विझली.

...

अंधार. साडू म्हणायचा, त्या अंधारात त्यानं श्वास मोजले. स्वतःचा एक. म्हातारीचा एक. कॅटलॉगचा एक. आणि...

मग गरम व्हायला लागलं.

रात्रीचे सव्वाअकरा. काचेवर हात ठेवला तर हात भाजला. पत्रा तडतडायला लागला. भर दुपारी तापतो तसा. कॅटलॉगनं दारावर लाथा घातल्या. हाका मारल्या. मग हाका थांबल्या. नुसता दम ऐकू यायला लागला.

"मिस्त्री..." म्हातारीचा आवाज बारीक झाला होता. "हवा... हवा द्या हो."

"साहेब, फोडतो काच."

"नाही..." त्या अंधारातही तो म्हणाला. "धूळ... येईल..."

असला माणूस. आई गुदमरतेय, स्वतः गुडघ्यावर आलाय, आणि म्हणतो धूळ येईल.

साडूनं आयुष्यात पहिल्यांदा मालकाचं ऐकलं नाही. काच फोडली असती तर तुकडे खाटेवर गेले असते. त्यानं सुरी काढली. चाचपत सांधा शोधला. कापायला लागला. वरून खाली. एक बाजू. घाम डोळ्यांत. दुसरी बाजू. म्हातारीचा आवाज थांबला. तिसरी... चौथी.

ती काच दोन माणसांना उचलत नाही. साडू एकटा होता. त्यानं सुरी खाली टाकली, दोन्ही पंजे काचेवर टेकले आणि लोटली.

काच पडली नाही.

पडल्याचा आवाजच झाला नाही. साडू म्हणायचा, बाहेरून कुणी तरी ती धरली. अलगद. म्हातारं माणूस टपाल घेतं ना दोन्ही हातांनी, तशी. त्याच्या पंजांवरचं ओझं उतरलं... आणि वारा आत आला.

गार. सरळ. म्हातारीच्या अंगावर.

खाटेवरून एक उचकी आली. मग श्वास. मग दुसरा.

"आले," म्हातारी म्हणाली. एवढंच.

साडू तिच्या उशाशी बसून राहिला. तिचा हात हातात घेऊन. अर्ध्या रात्री सूनबाई पाणी प्यायला खाली आली आणि तिनं कडी काढली. तरी साडू उठला नाही.

उजाडलं तेव्हा काच दिसली. कुंपणाच्या भिंतीला उभी टेकवलेली. पंधरा पावलांवर. एक ओरखडा नाही.

कॅटलॉग अंगणात आला. रात्रीतून दहा वर्षांनी म्हातारा झालेला. पण जीभ ठिकाणावर आली होती. "झाला तमाशा? आता नीट बसव ती परत. आणि ह्या खेपेला सांधे दुप्पट भर."

साडू काचेजवळ गेला. मागं वळून म्हणाला, "साहेब, आधी जरा इकडं या."

काचेवर, मधोमध, वाफेचा एक गोल होता. ताटलीएवढा. थंडीत काचेवर तोंडाची वाफ धरते ना, तसा. पण थंडी कुठली? उन्हं काचेवर आली होती, तापायलाही लागली होती.

कॅटलॉगनं रुमाल काढला. एका बाजूनं पुसलं. गोल तसाच. काचेच्या मागं जाऊन दुसऱ्या बाजूनं पुसलं. तसाच. थुंकी लावून घासलं. मग पुढून, मग मागून, मग परत पुढून. एकेरी काच ती, तिच्या आत काय शिरणार? ऊन वाढत गेलं. गोल आखडला. पसरला. आखडला. आणि मग एकदा, लांब... पसरला.

कॅटलॉगचा हात काचेवरच राहिला.

"बसवू का साहेब?" साडूनं विचारलं.

कॅटलॉग त्या गोलाकडं बघत होता. मग त्यानं रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, उघड्या चौकटीतून आत गेला, आईच्या खाटेजवळून, तिच्याकडं न बघता... आणि 'बसव' असं न म्हणताच हॉलमधून चालत निघून गेला.